ऑपरेशनआधी नाकातला स्टॅफ घालवायचा आहे? पाच दिवसांचं काम, पण रीतसर

सांधा बदलायचं ठरलं की रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे या यादीत हल्ली आणखी एक ओळ असते: नाकाचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला नमुना. रिपोर्टमध्ये ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ (थोडक्यात ‘स्टॅफ’) या जंतूचं नाव लिहून आलं की घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. आईच्या गुडघ्याच्या वेळी आमच्याकडेही हेच झालं. हॉस्पिटलने एक मलम, एक बाटली आणि अर्ध्या पानाचा इंग्रजी कागद हातात ठेवला. ‘पाच दिवस करा’ एवढंच सांगितलं. मलम नाकात किती आत लावायचं, बाटलीतलं औषध बादलीत टाकायचं की अंगाला लावायचं, मंगळसूत्र काढायचं का, हे काहीच त्यावर नव्हतं. मग डॉक्टरांना, इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे कळलं ते इथे लिहिते आहे. औषधं कोणती आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवणार. पण ती घरी नीट वापरणं आपल्याच हातात असतं.

आधी हे डोक्यातून काढा: हा आजार नाही

साधारण तीन माणसांमागे एकाच्या नाकात हा जंतू असतो. त्याचा काही त्रास नसतो, सर्दी नसते, वास नसतो. नाकपुडीच्या अगदी पुढच्या, केसांच्या भागात त्याचं बिऱ्हाड असतं. तिथून तो आपल्याच बोटांनी काखेत, जांघेत, घशात पोचतो. अस्वच्छ राहिल्यामुळे आला, असंही नाही. आमची आई दिवसातून दोनदा आंघोळ करणारी. रिपोर्ट ऐकून तिला अपमान झाल्यासारखंच वाटलं होतं.

कातडी शाबूत आहे तोवर तो बसून राहतो. कातडीवर चीर पडली की प्रश्न सुरू होतो. ऑपरेशनच्या जखमेत स्टॅफचा संसर्ग झाला तर जंतू बऱ्याचदा रुग्णाच्या स्वतःच्याच नाकातला निघतो. त्यातही सांध्यात धातू आणि प्लास्टिक बसवलेलं असेल तर जंतू त्याच्यावर चिकट थर करून बसतात. त्या थरात अँटिबायोटिक धड पोचत नाही आणि प्रसंगी बसवलेला सांधा काढून पुन्हा सगळं करावं लागतं. म्हणून हा खटाटोप.

याचा उपयोग होतो का? नेदरलँड्समधल्या हॉस्पिटलांतला एक मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नाकात स्टॅफ असलेल्या रुग्णांपैकी काहींना म्युपिरोसिन या अँटिबायोटिकचं नाकात लावायचं मलम आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची आंघोळ दिली, काहींना दिसायला तसंच पण औषध नसलेलं काही दिलं. हॉस्पिटलात झालेला स्टॅफचा संसर्ग औषध न मिळालेल्यांत ७.७ टक्के होता, औषध मिळालेल्यांत ३.४ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत, नाकात स्टॅफ सापडलेल्या हृदयाच्या आणि हाडांच्या ऑपरेशनच्या रुग्णांना हे मलम द्यावं अशी ठाम शिफारस केली आहे. धोका शून्यावर येतो असं कोणीच म्हणत नाही.

एक मात्र खरं. ऑपरेशन नाही, गळवं होत नाहीत, डायलिसिस नाही, अशा धडधाकट माणसाच्या नाकात स्टॅफ असेल तर काही करायची गरज नसते. ‘आमचाही स्वॅब करून टाका’ म्हणून घरातल्या सगळ्यांनी लॅबमध्ये रांग लावू नये.

१. तारखेपासून उलटं मोजा

या सगळ्या कामात माझ्या मते हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी हीच कोणी सांगत नाही. हा इलाज कायमचा नाही. कोर्स संपल्यावर आठवडाभराने तपासलं तर दहातल्या नऊ जणांचं नाक स्वच्छ सापडतं, पण पुढे जसजसे दिवस जातात तसतसा अनेकांच्या नाकात जंतू परत येतो. म्हणजे दिवाळीत कोर्स केला आणि ऑपरेशन संक्रांतीनंतर, तर मेहनत बहुतेक वाया.

म्हणून आधी ऑपरेशनची तारीख पक्की करा आणि मागे मोजत या. स्वॅब दोन-तीन आठवडे आधी. साध्या कल्चरचा, म्हणजे नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून पाहण्याचा, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात; पीसीआरने, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीने, काही तासांत कळतं, पण ती सोय सगळीकडे नसते आणि महागही पडते. पाच दिवसांचा कोर्स असा बसवा, की शेवटची आंघोळ ऑपरेशनच्या सकाळी येईल.

इथला नेहमीचा खड्डा म्हणजे तारीख पुढे जाणं. साखर वाढलेली निघते, मेडिक्लेमची मंजुरी अडकते, घरात सुतक येतं. कोर्स अजून सुरू केला नसेल तर थांबा. करून झाला असेल आणि तारीख बरीच पुढे गेली असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. पुन्हा स्वॅब घ्यायचा की कोर्स पुन्हा करायचा, हे ते ठरवतील. उरलेलं मलम ‘तोवर रोज थोडं थोडं’ लावत राहणं हा सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण अशाने म्युपिरोसिनला दाद न देणारे जंतू तयार होतात.

२. स्वॅब देताना चिठ्ठी नीट वाचा

तपासणी म्हटली तर काहीच नाही. कापसाची काडी दोन्ही नाकपुड्यांच्या तोंडाशी फिरवतात. कोविडच्या वेळी खोल घशापर्यंत जायची तसलं काही नाही. गुदगुल्या होतात, शिंक येते, इतकंच. काही ठिकाणी काखेतला, जांघेतला किंवा घशातलाही नमुना घेतात.

खरी गोम चिठ्ठीत असते. अनेक लॅबमध्ये ‘एमआरएसए स्क्रीनिंग’ असं पॅकेज असतं. त्यात फक्त एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा स्टॅफ शोधतात. तुमच्या नाकात साधा, औषधाला बधणारा स्टॅफ (एमएसएसए) असेल तर तो त्या तपासणीत दिसणारच नाही आणि रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ येईल. सांध्याच्या दृष्टीने साधा स्टॅफही तितकाच नको असलेला पाहुणा. आईचा पहिला रिपोर्ट असाच निगेटिव्ह आला होता. सर्जनने तो पाहिला आणि म्हणाले, ‘हे अर्धंच उत्तर आहे.’ मग दुसरा स्वॅब. म्हणून चिठ्ठीवर ‘स्टॅफ ऑरियस, एमएसएसए आणि एमआरएसए दोन्ही’ असं लिहून घ्या आणि काउंटरवर ते मोठ्याने वाचून दाखवा. लॅबवाल्यांना राग येईल. येऊ द्या.

स्वॅबच्या आधी कोणती अँटिबायोटिक गोळी चालू असेल तर सांगा. नाकात कसलंही मलम, तेल, तूप घातलेलं नसावं. रोज रात्री नाकात साजूक तुपाचे दोन थेंब सोडायची सवय आपल्याकडे अनेकांना आहे. ती आदल्या दिवसापासून बंद ठेवा.

३. रिपोर्टवर काय पाहायचं

तीन शक्यता असतात.

‘एमएसएसए’ म्हणजे साधा स्टॅफ ऑरियस, नेहमीच्या औषधांना बधणारा. कोर्स करायचा, पुढे जायचं.

‘एमआरएसए’ म्हणजे तोच जंतू, पण हट्टी. मेथिसिलिन हे औषध १९५९मध्ये आलं आणि १९६१मध्येच इंग्लंडमध्ये त्याला न जुमानणारे स्टॅफ सापडले, तेव्हापासून हे नाव आहे. घाबरून ऑपरेशन रद्द करण्यासारखं नाही. कोर्स जवळपास तोच. पण सर्जन आणि भूलतज्ज्ञ या दोघांनाही हे आधी माहीत हवं, कारण चीर देण्यापूर्वी जे अँटिबायोटिक शिरेतून देतात ते बदलावं किंवा वाढवावं लागू शकतं. नेहमीच्या सेफाझोलिनसारख्या औषधाला एमआरएसए दाद देत नाही. त्याच्यासाठीचं व्हँकोमायसिन हळूहळू, तासभर तरी ठिबकत द्यावं लागतं. ऐन वेळी, ट्रॉलीवर निजवल्यावर, ‘अहो, तो रिपोर्ट एमआरएसए होता’ असं सांगून भागत नाही.

तिसरी शक्यता: ‘कोअॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ’ किंवा ‘स्टॅफ एपिडर्मिडिस’. हा जंतू सगळ्यांच्याच कातडीवर असतो. ‘स्टॅफ’ एवढा शब्द वाचून लोक मलम आणायला धावतात. नाकाच्या स्वॅबात एवढंच आलं असेल तर सहसा काही करायचं नसतं; तरी रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, नाकात नुसता स्टॅफ आहे म्हणून अँटिबायोटिकच्या गोळ्या घ्यायच्या नसतात. कोणी ओळखीच्या माणसाने सुचवल्या तरी नाही.

४. सामान आणि कागद

कोर्स सुरू करण्याच्या आदल्या दिवशी हे सगळं घरात असू द्या:

- म्युपिरोसिन २ टक्के, शक्यतो नाकासाठी म्हणून मिळणारं. एका माणसाला एक स्वतंत्र ट्यूब.
- क्लोरहेक्सिडिन ४ टक्के, अंग धुण्याचं द्रावण, पाच आंघोळींना पुरेल इतकं.
- कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, एक पाकीट.
- सहा-सात धुतलेले टॉवेल किंवा पंचे, तेवढेच कपड्यांचे जोड, उशीचे अभ्रे, दोन-तीन चादरी.
- नवा कंगवा. जुना फेकून द्या, फार महाग वस्तू नाही.
- आंघोळीला बसायला प्लास्टिकचं स्टूल आणि बाथरूममध्ये न घसरणारी मॅट. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ही चैन नव्हे.

फाइलमध्ये: स्वॅबचा रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी, पूर्वी कधी ॲडमिट झाला असाल तर ते डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची यादी आणि कशाकशाची ॲलर्जी आहे त्याचा कागद. क्लोरहेक्सिडिनची ॲलर्जी क्वचित असते, पण असली तर जोरदार असू शकते. पूर्वी त्या औषधाच्या माउथवॉशने किंवा कातडी पुसण्याच्या द्रावणाने पुरळ, सूज, धाप लागली असेल तर आधीच सांगा.

मेडिकल दुकानातले चकवे वेगळे सांगते, कारण तिथेच बहुतेक घोळ होतात.

म्युपिरोसिन मागितलं की काही वेळा त्यात स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब हातात येते. नाव जवळपास सारखंच, खोका सारखाच. खोक्यावर बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात ते वाचा. म्युपिरोसिनशिवाय दुसरं कुठलं नाव असेल तर परत करा. त्वचेचं मलम आणि नाकाचं मलम यांतही फरक असतो. त्वचेच्या मलमाचा बेस वेगळा असतो आणि नाकाच्या आत चुरचुरतो. नाकाचं मिळालंच नाही तर स्वतः निर्णय न घेता डॉक्टरांना फोन करा.

क्लोरहेक्सिडिनचे तर चार अवतार दुकानात असतात. चूळ भरायचं माउथवॉश ०.२ टक्के असतं. ते आंघोळीला कुचकामी. हाताला चोळायच्या सॅनिटायझरमध्येही ते असतं, पण त्यात अल्कोहोल असतं आणि ते पेट घेतं. देवघरात समई तेवत असेल त्या घरात अंगभर चोळू नका. सॅव्हलॉनमध्येही क्लोरहेक्सिडिन असतं, पण अगदी थोडं. डेटॉल हे वेगळंच रसायन आहे. बाटलीवर ‘४ टक्के’ हा आकडा दिसला तरच घ्या.

५. नाकातलं मलम

दिवसातून दोनदा, पाच दिवस, हा नेहमीचा डोस. काही डॉक्टर तीनदा लिहितात; चिठ्ठी पाहा.

हात धुवा. नाक हलकेच शिंकरून मोकळं करा. कापसाच्या काडीवर मसुराच्या दाण्याएवढं मलम घ्या आणि एका नाकपुडीच्या आतल्या बाजूने गोल फिरवून लावा. खोल खुपसायचं नाही, करंगळीचं टोक जातं तेवढ्याच भागात. दुसऱ्या नाकपुडीसाठी नवी काडी. मग दोन बोटांनी नाकपुड्या चिमटीत धरून मिनिटभर हलकेच दाबा आणि सोडा, म्हणजे मलम सगळीकडे पसरतं. घशाशी किंचित चव जाणवेल. ते ठीक आहे. ट्यूबचं तोंड थेट नाकात घालू नका.

आता आपल्याकडच्या खास अडचणी.

तपकीर. ओढायची सवय असेल तर ती पाच दिवस पूर्ण बंद. मलमावर तपकिरीचा लेप बसला तर मलम कशाला लावलं? घरातल्या जुन्या मंडळींना हे समजावणं अवघड जातं. सर्जनच्या तोंडून सांगायला लावा, मुलाबाळांचं ऐकत नाहीत.

चमकी, मुरणी, नथ. अगदी जंतूच्याच जागेवर बसलेला दागिना. शक्य असेल तर काढून ठेवा आणि त्या भोकाभोवती आतून मलम नीट लागेल असं बघा. वर्षानुवर्षं न काढलेली चमकी घरी ओढूनताणून काढायला जाऊ नका, जखम होते. सोनाराकडून आधीच सैल करून घ्या. ऑपरेशनच्या वेळी ती काढावीच लागते.

जलनेती, वाफारा, नाकात तेल: पाच दिवस नाही. आणि नाकात बोट घालणं, केस उपटणं हे तर कायमचंच सोडलेलं बरं, कारण स्टॅफ नाकातून बोटावर आणि बोटावरून नाकात असाच फिरतो.

नाकात थोडी जळजळ झाली तर चालवून घ्या. सूज, पुरळ, रक्त आलं तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. मध्ये एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट लावायचं नाही, नेहमीइतकंच लावायचं. पाच दिवसांनी ट्यूब फेकून द्या. ‘महागाचं आहे, राहू दे, गळवाला उपयोगी पडेल’ हे नको.

६. आंघोळ

बादलीत एक झाकण औषध टाकायचं आणि त्या पाण्याने आंघोळ करायची, ही आपली लहानपणापासूनची रीत. क्लोरहेक्सिडिनच्या बाबतीत ती साफ चुकीची. बादलीभर पाण्यात ते इतकं पातळ होतं की काही उपयोग राहत नाही. ते थेट ओल्या अंगावर लावायचं असतं.

क्रम असा:

- केस धुवायचे असतील तर आधी नेहमीच्या शांपूने धुवा. तोंड, अंग नेहमीच्या साबणाने धुवायचं असेल तर तेही आधी. मग साबणाचा अंशही राहणार नाही इतकं पाणी घ्या. साबणाने क्लोरहेक्सिडिनची ताकद जाते.
- तांब्याने अंग ओलं करा आणि पाणी ओतणं थांबवा. शॉवर असेल तर बंद करा.
- स्वच्छ ओल्या रुमालावर द्रावण घ्या आणि मानेपासून खाली लावत जा. फेस फारसा येत नाही, म्हणून जास्त ओतू नका.
- मिनिट-दोन मिनिटं तसंच राहू द्या. हेच लोक टाळतात. आई स्टुलावर पाठमोरी बसायची आणि मी दाराशी मोबाइलवर टायमर लावून उभी. थंडीचे दिवस होते, तिने मला भरपूर ऐकवलं. पाणी कोमट ठेवा आणि बाथरूमचं दार-खिडकी आधी लावून घ्या, म्हणजे हा वेळ सुसह्य होतो.
- भरपूर पाण्याने धुवा, धुतलेल्या टॉवेलने टिपून घ्या, चोळू नका.

कुठे लावायचं, तर काखा, बेंबी, स्तनांखालची घडी, पोटाची वळी, जांघा, ढुंगणाची फट बाहेरून, गुडघ्यांच्या मागची लवण, पायाच्या बोटांमधल्या बेचक्या. बेंबी हमखास राहते. केसांना हे द्रावण पाच दिवसांत दोनदा तरी लावायला सांगतात. डोळ्यांत ओघळणार नाही असं डोकं मागे करून.

कुठे लावायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. डोळे, कानाच्या आत, तोंडाच्या आत, योनीमार्गाच्या आत, उघड्या मोठ्या जखमेवर नाही. कानाचा पडदा फाटलेला असेल आणि आत गेलं तर ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. डोळ्यात गेलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

अंगावरच्या धाग्यादोऱ्यांचं काय? करगोटा, जानवं, दंडातला गंडा, पायातला काळा दोरा, हे महिनोन्महिने ओले-सुके होत अंगाला चिकटलेले असतात. काढायची तयारी असेल तर काढा, नसेल तर निदान कोर्सच्या पहिल्या दिवशी नवा बांधा. मंगळसूत्राचा विषय नाजूक. आईने ते काढायला सरळ नकार दिला. तडजोड अशी झाली की आंघोळीआधी ते वाटीत काढायचं, साबणाच्या पाण्याने जुन्या ब्रशने घासायचं, पुसून वाळवायचं आणि अंग कोरडं झालं की पुन्हा गळ्यात. ऑपरेशनच्या सकाळी मात्र ते माझ्या पर्समध्ये गेलं.

आंघोळीनंतर तेल, पावडर, क्रीम काही नाही. क्लोरहेक्सिडिनचा अंश कातडीवर राहून पुढे काही तास काम करतो. वर खोबरेल चोपडलं तर ते काम थांबतं. अंग फारच कोरडं पडलं, खाज सुटली तर डॉक्टरांना विचारून चालणारं मॉइश्चरायझर घ्या.

७. कपडे, अंथरूण, आसपासच्या वस्तू

अंगावरचा जंतू काढला आणि पुन्हा कालच्याच टॉवेलने पुसलं, तर तो परत अंगावर. म्हणून रोज धुतलेला टॉवेल, रोज धुतलेले कपडे, रोज नवा अभ्रा. चादर रोज बदलता आली तर उत्तमच. नाही जमलं तर पहिल्या दिवशी, मध्ये एकदा आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री तरी नक्की. गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात खडखडीत वाळवा. पावसाळ्यात इस्त्री फिरवा.

एक सूचना अनुभवी धोबीही देणार नाही: क्लोरहेक्सिडिन लागलेले पांढरे कपडे ब्लीचमध्ये भिजवू नका. दोन्हींची रासायनिक क्रिया होऊन तपकिरी डाग पडतात आणि ते निघत नाहीत. नुसती धुण्याची पावडर वापरा.

चष्मा, मोबाइल, श्रवणयंत्र, जपमाळ, टीव्हीचा रिमोट हे रोज एकदा पुसा. घर फिनाइलने रोज धुऊन काढायची गरज नाही.

८. आदली रात्र आणि ती सकाळ

गुडघ्यावरचे, मांडीवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. रेझरने कातडीवर बारीक चिरा पडतात आणि जंतूंना आयतं घर मिळतं. काढायचेच असतील तर हॉस्पिटलमध्ये क्लिपरने काढतात.

नखं कापा, नेलपॉलिश काढा. अंगावर नवं गळू, फोड, कुजलेलं नख, दाताला सूज असं काही असेल तर लपवू नका. तारीख पुढे जाईल या भीतीने लोक गप्प बसतात आणि मग सांध्यात पू होतो. मधुमेह असेल तर साखरेचा ताजा आकडा हाताशी ठेवा. साखर चढलेली असेल तर हा सगळा कोर्स करूनही जखमेचा धोका मोठाच राहतो.

सकाळी शेवटची क्लोरहेक्सिडिनची आंघोळ, धुतलेले कपडे, आणि कपाळाला कुंकू-अंगारा लावायचा तर लावा, फक्त गुडघ्याला नको. हो, लावतात.

काही हॉस्पिटलांत म्युपिरोसिनऐवजी ऑपरेशनच्या दिवशीच नाकात पोव्हिडोन आयोडीन लावतात. ते तिथलेच लोक लावतील. घरातली बीटाडीनची बाटली उघडून स्वतः प्रयोग करू नका.

पोचल्यावर सिस्टरला तोंडी सांगा आणि फाइलवरही लिहून घ्या: ‘नाकात स्टॅफ होता, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कोर्स झाला.’ ड्यूटी बदलते, निरोप हरवतो.

९. ऑपरेशन नाही, पण घरात सारखी गळवं होतात?

हे वेगळं प्रकरण आहे. एकाला केसतूड, ते बरं होतंय तोवर दुसऱ्याला मांडीवर गळू, मग मुलाच्या काखेत. अशा घरांत बऱ्याचदा स्टॅफच फिरत असतो. तालमीत कुस्ती करणाऱ्या पोरांमध्येही असं होतं, कारण अंगाला अंग घासतं, खरचटतं आणि टॉवेल सगळ्यांचा एकच.

इथे आधी पुवाची तपासणी हवी. गळू फोडताना निघालेला पू कल्चरला पाठवायला सांगा, नुसता नाकाचा स्वॅब पुरत नाही. हातातली गळवं आधी बरी करायची, नंतर हाच पाच दिवसांचा कोर्स. अमेरिकेतल्या एका अभ्यासात असं दिसलं की फक्त गळू झालेल्या मुलाने कोर्स करण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी केला तर गळवं पुन्हा होण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे सुट्टीचा आठवडा बघून आजी, आई, बाबा, पोरं सगळ्यांनी एकदमच, डॉक्टरांना विचारून. एकाने या महिन्यात, दुसऱ्याने पुढच्या महिन्यात केलं तर जंतू नुसता खोल्या बदलतो. बाळं आणि गरोदर बाई घरात असतील तर त्यांचं वेगळं विचारा.

एमआरएसए घेऊन हॉस्पिटलमधून घरी आलेल्यांसाठी लांबलचक कोर्सही असतो. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांनी सहा महिने, दर महिन्यात दोनदा, पाच-पाच दिवस हे केलं आणि त्यांच्यातला एमआरएसएचा संसर्ग सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला. पण हे मनाने सुरू करायचं काम नव्हे.

विदेशी लेख वाचून कोणी ‘ब्लीचची आंघोळ’ सुचवेल. तिथे टबात मोजून मापून, ठरावीक तीव्रतेचं ब्लीच घालतात. आपल्याकडे ना टब, ना बाटलीतल्या तीव्रतेची खात्री. ब्लीचिंग पावडर किंवा संडास धुण्याचं लिक्विड आंघोळीच्या पाण्यात टाकून कातडी भाजून घेऊ नका.

१०. घरी आल्यावर

जखमेला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे, मग तो डॉक्टरांचा असो की भेटायला आलेल्या आत्याचा. ताप, जखमेभोवती वाढत जाणारी लाली, ऊब, पाणी किंवा पू, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, यांतलं काहीही दिसलं तर सर्जनलाच फोन करा. जवळच्या दवाखान्यातून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. सांध्यातलं पाणी तपासायच्या आधी गोळ्या पोटात गेल्या तर जंतू कल्चरमध्ये उगवत नाही आणि निदान अडतं.

सर्वसाधारणपणे साध्या स्टॅफसाठी कोर्सनंतर पुन्हा स्वॅब करत नाहीत. एमआरएसए असेल तर काही हॉस्पिटलं करतात. तेव्हा कोर्स संपल्यावर निदान दोन-तीन दिवस जाऊ देतात, नाहीतर मलमाचा अंशच जंतू उगवू देत नाही आणि खोटा निगेटिव्ह येतो.

दुसरा गुडघा सहा महिन्यांनी किंवा वर्षाने करायचा असेल तर स्वॅब नव्याने द्यावा लागतो. पहिल्या वेळचा रिपोर्ट आणि कोर्सच्या तारखा मात्र फाइलमध्ये ठेवा, विशेषतः त्यावर एमआरएसए लिहिलेलं असेल तर. स्वॅब आता निगेटिव्ह आला तरी भूलतज्ज्ञ तो जुना कागद मागतात.